यूजरचं खातं ईमेलवर का उभारू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउससाठी तुमच्या चौघांच्या टीमने क्लाउडवर अ‍ॅप उभं केलं. मालाची आवक, वजन, ग्रेडिंग, प्री-कूलिंग, कंटेनर भरणं, सगळं त्यात आहे. यूजरच्या टेबलमध्ये ईमेल हीच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ ओळखायची खूण, ठेवली. डिस्पॅच पाहणारे गृहस्थ ऐन हंगामात नोकरी सोडून गेले, त्यांचा ‘डिस्पॅच’ नावाचा ईमेल नव्याने लागलेल्या मुलीला दिला, आणि तिने लॉगिन केलं तर शेतकऱ्याच्या दराला मंजुरी द्यायचं बटणही तिला दिसायला लागलं. तिने स्वतःहून सांगितलं म्हणून कळलं. आता तेच अ‍ॅप दिंडोरी आणि निफाडच्या आणखी दोन पॅकहाउसमध्ये जाणार आहे. तिथे कुणी गूगलने लॉगिन करणार, कुणी मायक्रोसॉफ्टने, आणि काट्यावरच्या माणसांकडे फक्त मोबाइल. प्रत्येकाला एडब्ल्यूएसचा (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा) आयएएम यूजर, म्हणजे त्या क्लाउडवरचं खातं, करून द्यावा का, आणि नसेल तर खातं कसं मांडावं, असं तुम्ही विचारलं आहे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये ही व्यवस्था लावून देणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आयएएम यूजरचा मुद्दा निकालात काढू. ग्रेडिंग टेबलवरच्या माणसाला आयएएम यूजर द्यायचा नाही. ती खाती सर्व्हर, डेटाबेस, स्टोरेज यांचा कारभार पाहणाऱ्यांसाठी आहेत, आणि एका एडब्ल्यूएस अकाउंटमध्ये ती ५,००० च्या पुढे जात नाहीत. खरं तर तुम्हा चौघांनीही आयएएम यूजर म्हणून काम करू नये. आयडेंटिटी सेंटर या एडब्ल्यूएसच्या लॉगिन सेवेतून लॉगिन करावं, काही तासांत आपोआप संपणारी तात्पुरती क्रेडेन्शियल्स (ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) घ्यावीत, अशी एडब्ल्यूएसची स्वतःचीच शिफारस आहे. अ‍ॅप वापरणाऱ्यांची खाती ही अ‍ॅपची मालमत्ता. ती एडब्ल्यूएसच्या कॉग्निटोत ठेवा, गूगलच्या फायरबेसमध्ये ठेवा, नाहीतर कीक्लोक हे लॉगिनचं मुक्त सॉफ्टवेअर स्वतः चालवा; पण क्लाउडचा कारभार करणारे आणि अ‍ॅप वापरणारे यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

आता मूळ प्रश्न. प्रत्येक खात्याला असा आयडी द्या ज्याला कसलाही अर्थ नाही, जो कधी बदलत नाही, आणि जो एकदा वापरला की पुन्हा कुणालाच मिळत नाही. १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा लांबलचक क्रमांक, घ्या. २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट प्रमाणातली सातवी आवृत्ती घेतलीत तर आयडी वेळेच्या क्रमाने लागतात आणि इंडेक्सही सुटसुटीत राहतो. नाव, ईमेल, मोबाइल, हुद्दा ही सगळी त्या आयडीला जोडलेली माहिती, आणि ती बदलणारच असं धरून चालायचं. सातबाऱ्यावर गट नंबर तोच राहतो. मालकाचं नाव वारसाने किंवा खरेदीने बदलतं आणि प्रत्येक बदलाचा फेरफार नोंदवला जातो. खात्याचंही तसंच करा: आयडी कायम, बाकीचं बदलू द्या, पण कधी बदललं आणि कुणी बदललं याची नोंद ठेवून.

एम्प्लॉयी कोड आयडी म्हणून वापरायचा मोह होतो. तोही टाळा. आपल्याकडे माणूस आधी कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीवर असतो, वर्षभराने कंपनीच्या रोलवर येतो, आणि कोड बदलतो. पगाराचं सॉफ्टवेअर बदललं की सगळ्यांचे कोड नव्याने पडतात. ज्या क्रमांकावर दुसऱ्या खात्याची मालकी आहे त्यावर तुमचे अधिकार उभे करू नयेत.

हे काही पुस्तकी तत्त्व नाही. मोठ्या क्लाउड कंपन्यांनी आतून हेच केलेलं आहे आणि ते उघडून पाहता येतं. एडब्ल्यूएसमध्ये तुम्ही यूजरला नाव देता, पण त्याच्या मागे ‘एआयडीए’ या अक्षरांनी सुरू होणारा एक वेगळा आयडी असतो. रोलचा (एका कामाला लागणाऱ्या अधिकारांच्या संचाचा) असेल तर तो ‘एआरओए’ने सुरू होतो. एखाद्या स्टोरेज बकेटच्या पॉलिसीत (कुणाला काय करता येईल याच्या नियमांत) यूजरचा एआरएन, म्हणजे नावासकट पूर्ण पत्ता, लिहून सेव्ह केलं की आत हा आयडी साठवला जातो. तो यूजर डिलीट करून पुन्हा पॉलिसी उघडा, नावाच्या जागी ‘एआयडीए’वाली ओळ दिसेल. त्याच नावाचा नवा यूजर केलात तरी त्याला तो जुना अधिकार मिळत नाही, कारण त्याचा आतला आयडी वेगळा आहे. तुमच्या डिस्पॅचच्या खात्यात जे घडलं ते इथे घडूच शकत नाही.

गूगल क्लाउडमध्ये पॉलिसीत ईमेल दिसतो खरा, पण खातं डिलीट झाल्यावर त्याच ओळीच्या सुरुवातीला ‘डिलीटेड’ लागतं आणि शेवटी त्या खात्याचा आकडी आयडी येतो. नव्याने तयार केलेलं त्याच नावाचं सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामचं खातं) वेगळंच मानलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रामध्ये, म्हणजे त्यांच्या खाती सांभाळणाऱ्या सेवेत, जिला २०२३ पर्यंत अझूर एडी म्हणत, प्रत्येक यूजरला ऑब्जेक्ट आयडी असतो आणि अधिकार त्यावर बांधलेले असतात. माणूस डिलीट झाला आणि अधिकार काढायचे राहिले, तर त्या यादीत ‘आयडेंटिटी नॉट फाउंड’ असं लिहून येतं. तुमच्या चालू सबस्क्रिप्शनमध्ये एकदा ही यादी पाहाच. बहुतेक ठिकाणी अशा दोन-चार ओळी सापडतात.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. एडब्ल्यूएसमध्ये पॉलिसीत यूजरचं नाव व्हेरिएबल म्हणून घालता येतं, आणि प्रत्येकाला त्याच्या नावाचं फोल्डर द्यायला लोक ते सर्रास वापरतात. तिथे तुलना नावावर होते. मग गेलेल्या माणसाच्याच नावाचा नवा यूजर केला की जुन्याचं फोल्डर त्याच्यासमोर उघडं. फोल्डर नावाने करू नका, आयडीने करा. तुमच्या अ‍ॅपमध्ये फोटो आणि पीडीएफ ईमेलच्या नावाच्या फोल्डरमध्ये पडत असतील तर ही दुरुस्ती तिथेही लागेल.

लॉगिनच्या पद्धती वेगळ्या टेबलमध्ये काढा. एका आयडीला अनेक लॉगिन असू शकतात: एक गूगलचं, एक मायक्रोसॉफ्टचं, एक मोबाइल. ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रमाणानुसार येणाऱ्या टोकनमध्ये (लॉगिन झाल्याच्या डिजिटल पावतीत) ‘सब’ नावाचा क्लेम, म्हणजे माहितीचा एक रकाना, असतो. तो देणाऱ्या कंपनीपुरता एकमेव असतो आणि दुसऱ्याला कधी दिला जात नाही. म्हणून टोकन कुणी दिलं हे सांगणारा ‘इस’ आणि हा ‘सब’, दोन्ही मिळून एक जोडी साठवा आणि तिच्यावरच माणूस ओळखा. कॉलम २५५ अक्षरांचा ठेवा, लहान-मोठ्या अक्षरांत फरक करणारा.

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्यांचा ‘सब’ प्रत्येक अ‍ॅप रजिस्ट्रेशनला वेगळा असतो. वेब आणि मोबाइलसाठी तुम्ही दोन वेगळी रजिस्ट्रेशन केलीत तर एकच माणूस दोन वेगळ्या ‘सब’ने येईल आणि तुम्हाला वाटेल की दोन माणसं आहेत. तिथे ‘ओआयडी’ आणि ‘टीआयडी’ हे दोन क्लेम एकत्र साठवा. पहिला यूजरचा, दुसरा त्याच्या कंपनीच्या टेनंटचा, म्हणजे एन्ट्रामधल्या तिच्या स्वतंत्र जागेचा.

टोकनमध्ये ईमेलही येतो, आणि तो पाहून ‘हा आपला जुनाच यूजर’ असं ठरवायचा मोह सगळ्यांना होतो. २०२३ मध्ये ‘एनओऑथ’ या नावाने जे प्रकरण उघडकीस आलं ते नेमकं हेच होतं. एन्ट्रामध्ये टेनंटचा अ‍ॅडमिन यूजरच्या ईमेलच्या रकान्यात हवा तो पत्ता लिहू शकत होता, आणि ईमेलवर विसंबलेली अ‍ॅप्स त्याला दुसऱ्याच्या खात्यात घेत होती. याच कारणाने दोन लॉगिन आपोआप जोडू नका. माणूस एका पद्धतीने आत आलेला असताना त्याने दुसरी पद्धत स्वतः सिद्ध केली, तरच जोडा.

कॉग्निटो घेणार असाल तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा. तिथे यूजरनेम एकदा दिलं की बदलता येत नाही. यूजर पूल (कॉग्निटोतला खात्यांचा संग्रह) उभा करताना ‘ईमेलने साइन-इन’ हा पर्याय निवडा. मग यूजरनेमच्या जागी कॉग्निटो स्वतः यूयूआयडी घालतं. तरीही तुमच्या टेबलमध्ये तुमचा स्वतःचा आयडी ठेवाच. उद्या कॉग्निटो सोडून दुसरीकडे जायचं झालं तर फक्त लॉगिनचं टेबल बदलेल, बाकीच्या वीस टेबलांना हात लावावा लागणार नाही.

मोबाइलचा विषय आपल्याकडे ईमेलपेक्षा नाजूक आहे. पॅकहाउसचं काम साधारण जानेवारी ते एप्रिल. माणसं मे महिन्यात गावी जातात आणि पुढच्या हंगामात परत येतात, किंवा येत नाहीत. मधल्या सात-आठ महिन्यांत रिचार्ज न केलेलं सिम बंद पडतं, आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवस थांबून मोबाइल कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे पुढच्या जानेवारीत ज्याच्या हातात तो नंबर आहे, त्याच्याकडे तुमच्या पॅकहाउसचा ओटीपी जाणार. कुणीही हॅकिंग न करता. यावर उपाय सोपा आहे आणि तो टेबलच्या रचनेतच ठेवावा: मोबाइलच्या प्रत्येक ओळीला ‘शेवटची खात्री कधी’ ही तारीख द्या, आणि हंगाम संपला की त्या लॉगिनची मुदतही संपू द्या. नव्या हंगामात सुपरवायझरने माणूस समोर पाहून नंबर पुन्हा जोडावा. नंबर एकमेव असावा ही अट फक्त चालू ओळींना लावा, जुन्या ओळी इतिहासात तशाच राहू द्या. नवरा-बायको दोघंही एकाच पॅकहाउसमध्ये कामाला आणि घरात फोन एकच, हेही सर्रास दिसतं. त्यांच्यासाठी ओटीपीचा हट्ट धरू नका. त्यांची सोय पुढे टॅबलेटच्या मुद्द्यात आहे.

नावांबद्दल. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने करू नका. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही जणी बदलत नाहीत, काही जण कागदोपत्री एक आणि रोजच्या वापरात दुसरं नाव लावतात, आणि बाहेरच्या राज्यांतून आलेल्या कामगारांना कधी कधी आडनावच नसतं. दिसायचं नाव एक रकाना, एवढं पुरे. पगारासाठी कागदोपत्री नाव लागत असेल तर ते पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये राहू द्या.

देवनागरीत नाव घेत असाल, आणि घ्यावंच, तर एक चाचणी करून पाहा. ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप करा. एक कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घालून त्याला हलन्त जोडतो; दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे हा जोडखुणेचा वर्ण घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण आतले बाइट वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं, एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं एनएफसी नॉर्मलायझेशन चालवलं तरी ते एक होत नाहीत. सुपरवायझर नाव शोधतो, सापडत नाही, तो नवं खातं उघडतो. झालं, एकाच बाईंची दोन खाती आणि दोन ठिकाणी अर्धे-अर्धे अधिकार. कुऱ्हाडे, वऱ्हाडे, बऱ्हाटे, सगळ्यांचं हेच. दिसायचं नाव जसं टाइप केलं तसं ठेवा, आणि शोधासाठी वेगळा रकाना करा ज्यात एनएफसी लावलेलं आहे, झेडडब्ल्यूजे काढलेला आहे आणि ‘ऱ’चा ‘र’ केलेला आहे. त्या रकान्यावर फक्त शोध चालवायचा, कुठलाही निर्णय त्यावर बेतायचा नाही.

अधिकार खात्याच्या ओळीत लिहू नका. ‘अ‍ॅडमिन आहे का: हो’ असा रकाना आज एका पॅकहाउसला चालतो, उद्या तीन झाली की त्याला अर्थच उरत नाही. निफाडचा अ‍ॅडमिन दिंडोरीचे दर का पाहील? अधिकाराची ओळ स्वतंत्र असावी आणि तिच्यात कोण, कोणता रोल, कुठल्या पॅकहाउसमध्ये, कधीपासून, कधीपर्यंत आणि कुणी दिला, एवढं असावं. अझूरमध्येही रोल असाइनमेंट म्हणजे हेच: माणूस किंवा ग्रुप, रोल आणि स्कोप (अधिकाराची हद्द). गूगलच्या बाइंडिंगमध्ये (कुणाला कोणता रोल याच्या नोंदीत) वर अट घालता येते, ज्यात मुदतीची तारीख बसते. रोलमार्फत अधिकार देण्याची ही पद्धत फेरायोलो आणि कुन यांनी १९९२ मध्ये मांडली आणि अजून तिच्यावाचून कुणाचं भागलेलं नाही.

‘कधीपर्यंत’ हा रकाना ऐच्छिक ठेवू नका. हंगामी माणसाला एप्रिलअखेर, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला करारापर्यंत, कायम कर्मचाऱ्याला फार तर एक वर्ष आणि मग सुपरवायझरने पुन्हा होकार द्यायचा. हे मी फक्त पॅकहाउसला सांगत नाही. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे. पार्किंग, तंबू, वाहतूक, आरोग्य केंद्रं यांच्या सॉफ्टवेअरसाठी नाशिकमध्ये हजारो तात्पुरती लॉगिन निघतील, आणि पुरवठादार कंपन्यांत काम करणाऱ्या तुमच्यासारख्यांनीच ती काढायची आहेत. मेळा उरकल्यावर बसून एकेक बंद करायला कुणाला वेळ नसतो. तारीख खातं उघडतानाच घातलेली असेल तर ती आपोआप बंद होतील.

आता काट्यावरचं लॉगिन, कारण मला तुमच्या प्रश्नात सर्वांत जास्त काळजी त्याची वाटली. तुम्ही लिहिलंय की काट्याजवळ एक टॅबलेट आहे आणि त्यावर ‘काटा१’ नावाने सकाळी कुणीतरी लॉगिन करतं, ते रात्रीपर्यंत चालू राहतं. क्रेट येतात, वजन होतं, मणी विरळ असलेला माल बाजूला पडतो, १६ आणि १८ एमएमची छाटणी होते, पनेट (द्राक्षांचे छोटे डबे) भरले जातात. कुणी चुकीचं वजन टाकलं तर दुसरा दुरुस्त करतो. ऑडिट लॉगमध्ये (कुणी काय केलं याच्या नोंदवहीत) दोन्ही ओळींवर ‘काटा१’. शेतकऱ्याने विचारलं की माझ्या गाडीचं वजन चाळीस किलोंनी कमी कुणी केलं, तर उत्तर नाही. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या माग ठेवणाऱ्या प्रणालीमुळे पेटी कुठल्या बागेतून आली हे तुम्ही सांगू शकता, मग त्याच पेटीचं वजन कुणी बदललं हे सांगता येऊ नये हे शेतकऱ्यावर अन्याय करणारं आहे.

पण त्या माणसांच्या हातात मोजे आहेत, ओळीत गाड्या उभ्या आहेत, ते दर वेळी पासवर्ड टाकणार नाहीत, आणि त्यांना तसं सांगणं हा त्यांच्या कामाचा अपमान आहे. म्हणून टॅबलेटची ओळख आणि माणसाची ओळख वेगळी करा. टॅबलेट स्वतः एक खातं. ते सुपरवायझरने एकदा नोंदवायचं, आणि त्याला फक्त वजनाचा पडदा दाखवण्यापुरता अधिकार. त्यावर काम करणाऱ्याने गळ्यातल्या कार्डवरचा क्यूआर दाखवायचा आणि चार-सहा आकडी पिन टाकायचा. पिन फक्त त्या पॅकहाउसच्या नोंदवलेल्या टॅबलेटवरच चालेल, बाहेरच्या फोनवर नाही, त्यामुळे तो छोटा असला तरी चालतं. पाच वेळा चुकला की कार्ड लॉक, सुपरवायझरने उघडायचं. प्रत्येक वजनाच्या ओळीत दोन आयडी लिहा, टॅबलेटचा आणि माणसाचा. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांचीही यात सोय होते. वजन दुरुस्त करताना जुना आकडा पुसायचा नाही, नवी ओळ घालायची आणि पिन पुन्हा मागायचा. मालकांना कार्ड छापायचा खर्च नको वाटेल. त्यांना वजनाच्या वादात गेल्या हंगामात किती पैसे सोडून द्यावे लागले ते विचारा.

यंत्रांची खाती. रात्री रिपोर्ट काढणारा जॉब, टॅलीला नोंदी पाठवणारी स्क्रिप्ट, कोल्ड रूमचं तापमान पाठवणारा सेन्सर, यांपैकी काहीही कुठल्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर चालवू नका. तो माणूस गेला की रिपोर्ट थांबतो, आणि थांबू नये म्हणून त्याचं खातं चालू ठेवलं जातं. यंत्रासाठी सर्व्हिस अकाउंट, त्याला एक जबाबदार माणूस नेमलेला, आणि तो माणूस गेला की जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर गेल्याशिवाय त्याचं खातं बंद होऊ द्यायचं नाही. शक्य तिथे की फाइल (गुप्त किल्ली साठवलेली फाइल) नकोच. सर्व्हरला रोल जोडा, एडब्ल्यूएसचं तात्पुरतं टोकन आपोआप बदलत राहतं. तुमच्या कोडमध्ये आज रात्री एक शोध घ्या: ‘एकेआयए’ने सुरू होणारी की कुठे पडली आहे का. ती कायमची की असते. तात्पुरती ‘एएसआयए’ने सुरू होते. आयएएम यूजरला एका वेळी दोन कायमच्या की ठेवता येतात त्या याचसाठी, की नवी चालू करून मग जुनी बंद करता यावी. दोन्ही वर्षानुवर्षं चालू ठेवण्यासाठी ती सोय नाही.

माणूस गेल्यावर ओळ डिलीट करू नका. खात्याला अवस्था द्या: बोलावलेलं, चालू, थांबवलेलं, संपलेलं. खाती एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये पाठवण्यासाठी २०१५ पासून एससीआयएम नावाचं प्रमाण आहे. त्यातही ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा गुण आहे, आणि माणूस गेला की बहुतेक सिस्टिम तोच ‘फॉल्स’ करून पाठवतात. एन्ट्रा डिलीट केलेला यूजर ३० दिवस परत आणू देतं. तुम्ही लॉगिन, अधिकार आणि चालू सेशन या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बंद होतील असं करा. सेशन विसरलं जातं. मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्सेस टोकन साधारण तास-दीड तास चालतं, आणि तुम्ही स्वतः जेडब्ल्यूटी (सही केलेलं टोकन) दिलं असेल तर त्यात लिहिलेली मुदत संपेपर्यंत ते चालेल, खातं बंद असो वा नसो. दर मंजुरी आणि वजन दुरुस्ती या दोन कामांना तरी प्रत्येक वेळी डेटाबेसमध्ये खात्याची अवस्था पाहा.

ऑडिट लॉगमध्ये आयडी लिहा आणि त्या वेळचं दिसणारं नावही लिहा, म्हणजे तीन वर्षांनी वाचणाऱ्याला समजेल. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. सहा तासांत ‘डिस्पॅच’ म्हणजे त्या दिवशी कोण होतं हे शोधत बसायला वेळ मिळत नाही. दुसरीकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की उद्देश संपला की माणसाची माहिती पुसावी, इतर कायद्याने ठेवायला लावली नसेल तर. ईमेल हीच की असती तर हे दोन्ही एकदम जमलं नसतं. आयडी वेगळा असला की मोबाइल, ईमेल, फोटो पुसता येतात, आणि वजनाच्या नोंदींचा माग मात्र आयडीवर शाबूत राहतो. लॉगमधल्या नावाची मुदत वेगळी ठरवा आणि ती लिहून ठेवा.

परत आलेल्या माणसाला काय करायचं, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत स्पष्ट आहे: आयडी जुनाच, अधिकार शून्यापासून. म्हणून माणूस आणि त्याची नेमणूक ही दोन टेबलं करा. नेमणुकीत पॅकहाउस, सुरुवात, शेवट. पिंपळगावला दिवसा आणि दिंडोरीला रात्री काम करणाऱ्याच्या दोन नेमणुका, माणूस एक.

हे सगळं चालू अ‍ॅपमध्ये आणायचं तर हंगाम संपू द्या. मे ते दिवाळी एवढा अवधी तुमच्याकडे आहे. बागांची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) झाली की मालक पुढच्या हंगामाच्या तयारीला लागतील आणि तुम्हाला अ‍ॅप बंद ठेवायला कुणी देणार नाही. यूजर टेबलमध्ये यूयूआयडीचा रकाना घाला आणि भरा. बाकीच्या टेबलांत ईमेलच्या शेजारी नवा रकाना घाला, काही आठवडे दोन्ही लिहा, वाचन हळूहळू नव्यावर न्या. त्याआधी पगाराच्या नोंदींवरून एक यादी काढा: एकाच ईमेलवर कुठल्या तारखेपर्यंत कोण होतं आणि नंतर कोण आलं. अशा प्रत्येक ईमेलचे दोन किंवा जास्त आयडी करा आणि जुन्या नोंदी तारखेप्रमाणे वाटा. ‘काटा१’सारख्या सामायिक लॉगिनच्या जुन्या नोंदी कुणाच्याही नावावर टाकू नका, ‘सामायिक, माणूस अज्ञात’ असा एक वेगळा आयडी करून त्यावर ठेवा. ज्यांचे आयडी वेगळे केले त्यांचे सगळे अधिकार काढा आणि सुपरवायझरकडून नव्याने मागवा, डिस्पॅचच्या त्या मुलीचेही. ईमेलचा जुना रकाना फक्त वाचण्यापुरता ठेवा आणि एक पूर्ण हंगाम नव्या रचनेवर पार पडल्यावरच काढून टाका.